कामगार संघटनेची युवा शाखा : चंद्रपूर–गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील अनुभव

प्रास्ताविक



कामगार चळवळ म्हटले की गिरणीचा भोंगा, फाटकावरची सभा आणि खांद्यावरचा बावटा असे एक चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. मराठी साहित्याने आणि शाहिरीने हे चित्र आपल्या मनावर चांगलेच ठसवले आहे. या चित्रात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. कामगाराला एक मालक असतो, कामाला एक ठिकाण असते आणि त्या ठिकाणाला एक फाटक असते. या घटकात आपण ज्या भागाचा विचार करणार आहोत, तेथे ही तिन्ही गृहीतके अपुरी पडतात. चंद्रपूर आणि गडचिरोली हे विदर्भाच्या पूर्व टोकाचे दोन जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत तो एकच चंद्रपूर जिल्हा होता. आज चंद्रपूर कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद यांसाठी ओळखला जातो, तर गडचिरोलीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे.

येथील तरुण श्रमिकांपर्यंत आणि त्यांच्या गावांपर्यंत कामगार संघटना कशी पोहोचते, त्यात युवा शाखेचे काम कोणते आणि ती केवळ नावापुरती उरते ती कशामुळे, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. तुमच्यापैकी अनेकजण स्वतः नोकरी किंवा मजुरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. त्यामुळे पुढील विवेचन वाचताना आपला अनुभव बाजूला ठेवू नये. तो या घटकाच्या अभ्यास-साहित्याचाच भाग आहे.

१. एकाच घरातले निरनिराळे मालक

राजुरा किंवा भद्रावती तालुक्यातील एखाद्या घराची कल्पना करा. वडील कोळसा खाणीत कायम कामगार आहेत. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी अस्तित्वात आली. तेव्हापासून अशा कामगारांचे वेतन राष्ट्रीय पातळीवरील करारांनी ठरते. त्या वाटाघाटींत मान्यवर कामगार महासंघ बसतात. थोरला मुलगा त्याच खाणीवर माती उपसणाऱ्या ठेकेदाराकडे डंपर चालवतो. धाकटा सिमेंट कारखान्यात पोती भरण्याच्या कामावर आहे, पण त्याच्या हजेरीवर कारखान्याचे नाव नसून मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचे आहे. सून मे महिन्यात माहेरी, गडचिरोलीकडे जाते आणि तेंदूची पाने तोडते.

या घरात संघटनेचे सभासदत्व एकाच माणसाकडे आहे, आणि तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. मुलांना संघटना ठाऊक आहे ती वडिलांच्या वर्गणीच्या पावतीपुरती. वडिलांची संघटना ठेकेदाराच्या मुलांना सभासद करून घेईलच असे नाही. केलेच तर त्यांची मागणी कायम कामगारांच्या मागण्यांच्या यादीत शेवटी येते. ठेका संपतो, दुसरा ठेकेदार येतो, नाव बदलते आणि सभासदत्वही विरून जाते. सुनेच्या बाबतीत तर ती कामगार आहे की पाने विकणारी आहे, हाच प्रश्न अनुत्तरित राहतो.

कंत्राटी कामगार कायदा १९७० मध्ये झाला. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे त्यातील महत्त्वाचे तत्त्व. हे तत्त्व अनेक कायम कामगारांना माहीत असते. ज्याला त्याची गरज आहे त्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला मात्र बहुधा नसते. ज्ञान आणि गरज यांच्यातील हे अंतर लक्षात ठेवा, कारण युवा शाखेचे पहिले काम येथूनच सुरू होते.

२. ‘युवा शाखा’ या संज्ञेविषयी

आपल्याकडे ‘युवा शाखा’ म्हटले की राजकीय पक्षाची युवक संघटना आठवते. अखिल भारतीय नौजवान सभा (१९५९) किंवा भारताची लोकशाहीवादी युवक महासंघटना (१९८०) या डाव्या पक्षांशी जोडलेल्या युवक संघटना आहेत. त्याच पक्षांशी नाते सांगणारे कामगार महासंघ त्यांच्या शेजारी स्वतंत्रपणे उभे असतात. परिणामी तरुण कामगार दोहोंच्या मधल्या फटीत सापडतो. युवक संघटनेत त्याच्या मजुरीचा विषय निघतोच असे नाही आणि कामगार संघटनेत त्याच्या वयाचा विषय निघत नाही. कामगार संघटनेच्या अंतर्गत असलेली, कामगारांचीच युवा शाखा ही आपल्याकडे त्या मानाने दुर्मीळ गोष्ट आहे.

येथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. मुंबईत १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियन स्थापन झाली, तेव्हा तिचे एक प्रमुख नेते श्रीपाद अमृत डांगे तिशीही पार केलेले नव्हते. ज्या चळवळीचा आरंभच तरुणांनी केला, तिला पुढे तरुणांसाठी वेगळी शाखा काढावी लागावी, यातच तिच्या वाढत्या वयाची खूण आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने सभासद होण्यासाठी वयाची १५ वर्षे आणि पदाधिकारी होण्यासाठी १८ वर्षे ही अट ठरवली. (हा कायदा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत विलीन करण्यात आला आहे. अभ्यासाच्या दृष्टीने दोन्ही नावे लक्षात ठेवावीत.) पद मिळण्याला वयाने आडकाठी नाही, पण पद मिळेलच याची हमीही कायदा देत नाही. ती संघटनेच्या घटनेत लिहावी लागते. कार्यकारिणीत युवा शाखेच्या किती जागा, त्यांना मत आहे की नुसती उपस्थिती, शाखेचा खर्च कोणाच्या सहीने होतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून एखादी युवा शाखा खरी आहे की मोर्चाच्या दिवशी पताका धरण्यापुरती आहे, हे ओळखता येते. मेळाव्याच्या फलकावरील छायाचित्रांवरून ते ओळखता येत नाही.

३. फाटकाकडून गावाकडे : दोन पूर्वानुभव

कामगार संघटना गावापर्यंत नेण्याचे प्रयोग जंगलपट्ट्यात पूर्वी झालेले आहेत. त्यांपैकी दोन आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत.

पहिला त्या वेळच्या धुळे, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याचा. १९७२ मध्ये तेथे श्रमिक संघटना उभी राहिली. भिल्ल समाजातून आलेले अंबरसिंग सुरतवंती आणि शहरातून आलेले काही सुशिक्षित तरुण यांच्या एकत्र येण्यातून ती घडली. शेतमजुरांना एक मालक नव्हता, म्हणून संघटनेने गाव हे एकक मानले आणि गावोगाव तरुण मंडळे बांधली. मजुरीचा दर, गहाण पडलेली जमीन आणि दारू हे तिन्ही प्रश्न या मंडळांच्या आणि स्त्रियांच्या शिबिरांत एकत्र आले. मजुरीच्या प्रश्नावरून सुरू झालेली संघटना घराच्या दारापर्यंत कशी पोहोचते, याचा हा धडा होता.

दुसरा अनुभव गडचिरोलीच्या पूर्वेला, छत्तीसगडमधील दल्ली-राजहरा येथील लोहखनिज खाणींचा. १९७७ मध्ये तेथील ठेकेदारी मजुरांनी प्रस्थापित संघटनांपासून फारकत घेऊन छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. शंकर गुहा नियोगी हे त्याचे नेते. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या गोळीबारात अकरा श्रमिकांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ श्रमिकांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय सुरू केले. संघटनेने मजुरी मागावी आणि दवाखानाही चालवावा, या दुहेरी भूमिकेला तेथे ‘संघर्ष आणि निर्माण’ असे म्हटले गेले. १९९१ मध्ये नियोगी यांची हत्या झाली. रुग्णालय मात्र त्यानंतरही चालत राहिले.

४. फळीवरचा हिशेब

आता गडचिरोलीकडे वळू. तेंदूपानांचा हंगाम उन्हाळ्यातील जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे अंधारात जंगलात जायचे, कोवळी पाने तोडायची, दुपारी घरी आणून ती जुळवायची आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे गावाच्या संकलन केंद्रावर, मोजून द्यायची. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा धरतात आणि १,००० पुड्यांचे एक प्रमाण गोणे. म्हणजे एका गोण्यात ७०,००० पाने. १९६९ च्या कायद्याने या व्यापाराचे नियमन राज्य शासनाकडे आले आणि लिलाव वनविभागामार्फत होऊ लागले. वनहक्क कायदा (२००६) आणि पेसा कायद्याचे महाराष्ट्र नियम (२०१४) यांमुळे चित्र बदलले. २०१३ च्या सुमारास काही गावांनी आपला तेंदू स्वतः विकण्यास आरंभ केला आणि पुढे अनेक ग्रामसभा त्या वाटेने गेल्या.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. एक कुटुंब दिवसाला २०० पुडे याप्रमाणे १५ दिवसांत ३,००० पुडे आणते. समजा, खराब पानांची भरपाई म्हणून मोजणारा मुन्शी दर शेकड्यामागे ५ पुडे जास्तीचे घेतो आणि ते वहीत लिहीत नाही. हंगामाअखेर त्या कुटुंबाचे १५० पुडे, म्हणजे १०,५०० पाने, मोबदल्याविना जातात. एकट्या कुटुंबाला हे जाणवत नाही, कारण दररोज दहाच पुडे गेलेले असतात. गावात शंभर कुटुंबे असतील तर आकडा १५,००० पुड्यांवर, म्हणजे १५ गोण्यांवर जातो. हा आकडा कोणी मांडला, तरच तो दिसतो.

वही वाचू शकणारी, रोजची बेरीज स्वतंत्रपणे लिहून ठेवणारी आणि रात्री चावडीवर ती मोठ्याने वाचून दाखवणारी चार-पाच मुले-मुली गावात असतील, तर मुन्शीच्या वहीला दुसरी वही समोर येते. घोषणेपेक्षा या दुसऱ्या वहीने फळीवरचे वातावरण अधिक बदलते. कागदावरील पाऊस-पाण्याची, आगीची आणि नुकसानीची अट कोणाच्या बाजूने लिहिली आहे, अनामत रक्कम किती, हप्ते कोणत्या तारखांना, हे करारनाम्यातील तपशीलही याच मुलांनी वाचावयाचे असतात. ग्रामसभांची लाखो रुपयांची रक्कम खरेदीदाराकडे थकल्याच्या तक्रारी काही हंगामांत झाल्या. अशा वेळी शेवटी करारनाम्यातील एखादे कलमच उपयोगी पडते.

अभ्यास हे संघटनेचे साधन कसे होते, याचे आणखी एक उदाहरण शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आहे. डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत काम सुरू करण्यापूर्वी शेतमजुरांच्या किमान वेतनाचा अभ्यास केला होता. मजुराला लागणाऱ्या अन्नाचा आणि खर्चाचा शासकीय समितीने धरलेला हिशेब कोठे चुकतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर दिवसाचे किमान वेतन ४ रुपयांवरून १२ रुपयांवर गेले. येथे मोर्चाची गरज नव्हती असे समजू नये. पण मोर्चाच्या हातात आकडा होता, एवढे ध्यानात घ्यावे.

विचार करा : तुमच्या कामाच्या ठिकाणी हजेरी, काम आणि मजुरी यांची नोंद कोण ठेवतो? ती नोंद तुम्ही कधी पाहिली आहे काय? तिची प्रत तुमच्याकडे आहे काय?

५. संघटनेची भाषा

आपण मराठीचे विद्यार्थी आहोत, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबू. गडचिरोलीत धानोऱ्याकडे गोंडी, भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंच्यात तेलुगू, कोरची-कुरखेड्यात छत्तीसगडी आणि मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली बोलली जाते. चंद्रपूरच्या खाणींत हिंदी चालते. करारनामा मात्र शासकीय मराठीत असतो. ‘स्वामित्वधन’, ‘अनामत’, ‘वाहतूक परवाना’ हे शब्द मराठी मातृभाषा असलेल्या माणसालाही सहज उलगडत नाहीत. मग गोंडी बोलणाऱ्या आजीने काय करावे?

जुन्या पिढीचा कार्यकर्ता अशा वेळी हिंदीत भाषण करीत असे आणि टाळ्या मिळाल्या म्हणजे मुद्दा पोहोचला असे मानीत असे. शाळेत मराठी शिकलेली आणि घरी गोंडी किंवा माडिया बोलणारी आजची मुलगी तो करारनामा वाक्यागणिक आपल्या भाषेत सांगू शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आजीचा प्रश्न ती मराठीत लिहून अधिकाऱ्यापुढे ठेवू शकते. भाषांतर ही येथे शोभेची गोष्ट नसून मजुरीच्या वाटाघाटीचा भाग आहे. युवा शाखेत अशा दुभाष्या मुलींना मानाचे पद असावयास हवे. प्रत्यक्षात त्यांच्याकडे बहुधा चहापाण्याची व्यवस्था दिली जाते, हे खेदाने नमूद करावे लागते.

६. गोटुल आणि अभ्यासगट : मेंढा (लेखा)

तरुणांनी एकत्र येण्याची संस्था या भागाला बाहेरून आणावी लागलेली नाही. गोंड समाजात गोटुल ही तरुण मुला-मुलींची परंपरागत संस्था होती. एकत्र राहणे, नाचगाणे, गावाच्या कामात हातभार लावणे आणि मोठ्यांच्या रीतिभाती शिकणे हे तेथे घडत असे. बाहेरच्यांच्या कुत्सित नजरेमुळे ती अनेक ठिकाणी मोडकळीस आली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने १९८० च्या दशकात आपले गोटुल जंगलातील सागवान वापरून पुन्हा बांधले. वनविभागाने ते पाडले. तेव्हा आजूबाजूच्या अनेक गावांनी मेंढ्याची बाजू घेऊन आपापली गोटुले उभारली. घराच्या लाकडावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न तेथून पुढे संपूर्ण जंगलावर अधिकार कोणाचा इथपर्यंत गेला.

याच सुमारास जयप्रकाश नारायणांच्या युवक चळवळीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल यांनी १९८४ मध्ये ‘वृक्षमित्र’ ही संस्था सुरू केली. इंचमपल्ली आणि भोपालपटनम या प्रस्तावित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनही तेव्हाच पेटले होते. मेंढ्याचे देवाजी तोफा आणि मोहनभाऊ यांच्या सहवासातून त्या गावात अभ्यासगटाची पद्धत रुजली. तिचा नियम साधा आहे. अभ्यासगटात कोणीही बसावे, काहीही विचारावे, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, परंतु निर्णय मात्र तेथे घ्यावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. यामुळे जास्त शिकलेल्याला जास्त सत्ता मिळत नाही आणि कमी बोलणाऱ्याचा नकारही विचारात घ्यावा लागतो. कामगार संघटनेच्या युवा शाखेने उचलण्यासारखी याहून चांगली रचना मला माहीत नाही.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू हे गवत की झाड, असा वाद उभा राहिला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडात होती, त्यामुळे वाहतूक परवाने देण्यास वनविभाग तयार नव्हता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात ही वाटचाल नोंदवली आहे. पूरक वाचनासाठी ते अवश्य पाहावे.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावची कथा याच्या जवळची, पण एका बाबतीत वेगळी आहे. तेथे २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरांवर वनहक्क मिळाला आणि बांबू तोडण्याचे काम गावातच उपलब्ध झाले. पूर्वी मजुरीसाठी बाहेर जाणाऱ्या तरुणांना घरी राहता येऊ लागले. मात्र तेंदूची तोड गावाने स्वतःहून थांबवली, कारण त्यासाठी होणारी छाटणी आणि लावल्या जाणाऱ्या आगी जंगलाला मारक ठरतात, असे ग्रामसभेचे मत झाले. हमखास मिळणारी रोख रक्कम सोडण्याचा हा निर्णय होता.

येथे कामगार चळवळीपुढे एक नवा प्रश्न उभा राहतो. बांबू तोडणारा मजूरही ग्रामसभेचा आणि मजुरी देणारी मालकही ग्रामसभाच, तर वाटाघाट कोणाशी करावयाची? संघटनेची गरज तेथे संपते, असे उत्तर घाईने देऊ नये. ग्रामसभेतही बांबू तोडणाऱ्या तरुणाचा हात आणि पैसा कशावर खर्च व्हावा हे ठरवणाऱ्या वडीलधाऱ्याचा हात वेगवेगळा असतो. दुखापत झाली तर खर्च कोणाचा, स्त्री आणि पुरुष यांना दर समान का, ही विचारणा करणारा कोणी असावाच लागतो. फरक इतकाच की विचारणारा आणि विचारला जाणारा एकाच पंगतीला बसतात.

७. मजुरीपलीकडचे प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्यात अ‍ॅड. पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील ‘श्रमिक एल्गार’ ही असंघटित श्रमिकांची संघटना वनहक्क, मजुरी आणि रोजगार हमीच्या कामांवर गावपातळीवर लढत आली. तिचे नाव जिल्ह्याबाहेर पोहोचले ते दारूबंदीच्या मागणीमुळे. डिसेंबर २०१० मध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ती उठवली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. बंदी योग्य की अयोग्य, यावर मतभेद आहेत आणि ते या घटकाचा विषय नाहीत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की कामगार संघटनेने मजुरी वाढवण्याबरोबर ती घरी पोहोचते की नाही याचाही विचार केला आणि त्यासाठी स्त्रियांना पुढे केले. तरुण पुरुषांना या चळवळीत स्थान कोणते, हा प्रश्न मात्र अवघड होता. ज्यांच्या पिण्याविरुद्ध मोर्चा निघाला, त्यांपैकी कित्येक संघटनेचेच मजूर होते.

गडचिरोलीत आणखी एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९८० च्या दशकात नक्षलवादी गटांनी तेंदू मजुरीच्या दराचा प्रश्न हाती घेतला आणि बंदुकीच्या धाकाने दर वाढवून घेतले. त्याची किंमत पुढील अनेक वर्षे गावांना, विशेषतः तरुणांना, मोजावी लागली. मजुरीविषयी बोलणाऱ्या मुलाकडे पोलीस संशयाने पाहत आणि पोलिसांशी बोललेल्या मुलाकडे दुसरी बाजू संशयाने पाहत असे. अशा ठिकाणी नोंदणीकृत संघटनेचे ओळखपत्र, सभेची तारीख लिहिलेली वही आणि सर्वांसमोर झालेल्या ठरावाची प्रत या गोष्टी रूक्ष वाटल्या तरी संरक्षणाच्या असतात. उघडपणे, नाव लिहून आणि सही करून मागणी करता येणे हे शहरातील कामगाराला सहज वाटते. एटापल्लीच्या जंगलात ते कमावावे लागले आहे. आता सुरजागडच्या लोहखनिजामुळे त्याच तालुक्यात खाणकामगारांची एक नवी पिढी तयार होत आहे. त्यांची गावे ग्रामसभेत बसतात आणि त्यांची हजेरी खाणीवर लागते.

क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील तिशीच्या आतील एका मजुराशी किंवा कंत्राटी कामगाराशी, त्याच्या संमतीने आणि त्याचे नाव न लिहिता, संवाद साधा. त्याच्या मजुरीचा दर, हजेरीची नोंद आणि ठेकेदार व मूळ मालक यांची नावे त्याला ठाऊक आहेत काय, हे विचारा. त्याच्याजवळ एखादी पावती किंवा हजेरीपत्रक असल्यास ते त्याच्यासोबत बसून वाचा आणि त्यातील कळण्यास कठीण अशा पाच शब्दांचे अर्थ तुमच्या घरच्या बोलीत लिहा. हे टिपण सुमारे ४०० शब्दांत पूर्ण करून संपर्कसत्रात सोबत आणावे. पावती न मिळाल्यास ती का मिळाली नाही, हेच टिपणात लिहावे.